सरूबाईंची पक्की आठवण

माणसाच्या तोंडी सांगण्यावर माझा विश्वास नाही. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथं कुणी "मला पक्कं आठवतंय साहेब, व्हॉल्व्ह मी बंदच केला होता" असं म्हणालं की मी आधी उठून व्हॉल्व्ह बघायला जातो. या सवयीमुळं मी लोकांना फारसा आवडत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण माझ्या या नियमाला एक अपवाद होता. सरूबाई.

सरूबाईंची खानावळ हायवेवरून एमआयडीसीकडं वळलं की डाव्या हाताला. पत्र्याचं शेड, सहा टेबलं आणि दारात एक तुळस, जिच्या कट्ट्यावर शिफ्ट सुटलेली पोरं हेल्मेट ठेवतात आणि शिव्या खातात. माझी बायको बारामतीला शाळेत शिकवते, मी इथं खोली करून राहतो. त्यामुळं गेली सतरा वर्षं माझं दोन वेळचं जेवण तिथंच. सरूबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, बावन्नच्या. ठेंगण्या, गोलसर, आणि आवाज असा की कंपनीचा भोंगा बंद पडला तरी अडणार नाही.

आणि आठवण! तीन शिफ्टची दीडशे माणसं त्यांच्याकडं जेवतात. कोण वांगं खात नाही, कुणाचा सोमवार, कुणाला डॉक्टरनं तिखट बंद केलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. बिहारचा एक वेल्डर चार वर्षांनी परत आला, तर त्यानं तोंड उघडायच्या आत ताटात दोन कच्च्या मिरच्या पडल्या. "तेरे को लगती ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मिरची खायच्या आधीच. वस्तीवरच्या बायका आधार कार्डासाठी पोरांच्या जन्मतारखा विचारायला येत. "तुजा थोरला व्हय? आमच्या म्हशीला रेडकू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मंगळवार. कांदा काढणी चालू व्हती." मग त्या बायका कॅलेंडर उलगडत बसायच्या आणि तारीख बरोबर निघायची. मी दोनदा गुपचूप पडताळून पाहिलं आहे.

देवानं जोडा मात्र असा घातला की काय सांगावं. त्यांचे यजमान दत्ताभाऊ हे स्कूटरवर दौंडला जाऊन एसटीनं परत आलेले गृहस्थ आहेत. स्कूटर तिसऱ्या दिवशी सापडली. भाऊ शांत. "आठवायला ती हाय की," म्हणायचे आणि कोथिंबीर निवडायला बसायचे.

या दोघांना एकच मुलगी, पूनम. बीएस्सी करून आमच्याच लॅबमध्ये लागली, मीच मुलाखत घेतली होती. गेल्या वर्षी दसऱ्याला तिचा साखरपुडा झाला, यवतच्या विश्वजीतशी. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि तो सासूला भितो, म्हणजे मुलगा समजूतदार आहे. लग्न वैशाखात ठरलं. सगळं छान चाललं होतं, आणि साखरपुड्यानंतर दोन-तीन दिवसांतच सरूबाईंचा दम कोंडायला लागला.

डोक्यावरून पाणी घेतलं की छाती धडधडायची, श्वास अडकायचा. पूनमनं त्यांना दौंडला डॉक्टरकडं नेलं, कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. सरूबाईंना ते पटेना. "नॉर्मल हाय तर मंग कोंडतंय काय, कुकर?"

इथं सविताचा प्रवेश होतो. सविता म्हणजे शेजारची ब्यूटी पार्लरवाली. मनानं चांगली, पण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडं एक शिबिर असतं. यवतला एका मंगल कार्यालयात दर रविवारी कुणी एक सर अंतर्मनाचं शिबिर घेत. डोळे मिटायला लावायचे, आकडे उलटे मोजायचे, आणि माणसाला लहानपणात मागं न्यायचं. "प्रत्येक भीतीच्या मुळाशी एक विसरलेली जखम असते," असं त्यांच्या फ्लेक्सवरच लिहिलेलं होतं. सरूबाई गेल्या.

पहिल्या रविवारी त्यांना पाणी दिसलं. हिरवं, गार. सोमवारी त्यांनी मला वाढता वाढता सांगितलं आणि मी भात कालवत हूं म्हटलं.

दुसऱ्या रविवारी सरांनी विचारलं, काठावर कोण उभं आहे? "आधी कुणीच न्हवतं भाऊ. मी म्हणलं, न्हाई दिसत. तर सर म्हणले, घाई करू नका, आपलंच मानूस आसंल, म्हणून मन दाखवत न्हाई. मंग हळूहळू दिसलं. बाप्या मानूस."

तिसऱ्या सोमवारी त्या माझ्यासमोर बाकावर येऊन बसल्या. सतरा वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"रखमा व्हता," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ. त्यानं ढकललं मला हिरीत."

रखमाजी म्हणजे त्यांचा एकुलता एक थोरला भाऊ. वढू बुद्रुकच्या शिवारात त्याची शेती आहे. उंच, काटकुळा, लाजरा माणूस. बोलायच्या आधी दोनदा डोळे मिचकावतो. दर सुगीला ज्वारीचं पोतं घेऊन येणार, खानावळीच्या दारात ठेवणार आणि कुणाला दिसायच्या आत निघायला बघणार. हा माणूस मुंगीला ढकलेल असं मला वाटेना.

पण सरूबाईंना सगळं लख्ख दिसत होतं. वय सहा. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक. बाजूला निळा कॅन तरंगतोय. पाणी नाकातोंडात जातंय, आणि रखमाजीचे दोन हात, त्यांच्याकडं पुढं केलेले. "बाप माझाच लाड करायचा ना, ते त्याला खुपायचं. आन् मी येडी, सेहेचाळीस वर्सं त्याला ओवाळतीय."

त्या दिवाळीला त्या भाऊबीजेला गेल्या नाहीत. लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडं तपासायला दिलं होतं, कारण ऱ्हस्वदीर्घावरून भांडणारा त्यांच्या ओळखीत मीच. त्यातलं मामाचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं.

आता आपल्याकडं लग्नात मामाचं काम काय असतं ते सांगायला नको. अंतरपाट धरला की भटजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि मामा भाचीला मांडवात आणतो, मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सरूबाईंनी ठरवलं, भावकीतला कुणीतरी मामा म्हणून उभा करू. पूनमनं ठरवलं, मग लग्नच नको.

"माझा मामा आला तर मी मांडवात येईन. न्हाईतर तुम्ही दोघी बसा, तू आन् सविताकाकू," असं तिनं आईला तोंडावर सांगितलं आणि खानावळीत जेवणं सोडलं. लॅबमध्ये बसून माझी बिस्किटं खायला लागली. आई तिकडं पोळ्या लाटताना डोळे पुसते, मुलगी इकडं टायट्रेशन करताना डोळे पुसते. माझी बिस्किटं संपत आली, रीडिंगं चुकायला लागली.

मी एकदा धीर केला. "ताई, एकच नमुना आम्ही तीनदा तपासला आणि दर वेळी त्यात काहीतरी नवीन सापडत गेलं, तर आम्ही समजतो की तपासणाऱ्याच्याच हातानं त्यात काहीतरी पडलंय."

"मी काय बाटली हाय का?" त्या कडाडल्या. पुढचे तीन दिवस माझ्या वाटीत आमटीच्या नावाखाली नुसतं पाणी होतं.

पत्रिकेचं प्रूफ मात्र मी प्रेसला दिलं नाही. छापखान्याचं मशीन बिघडलंय म्हणून सांगत राहिलो. आयुष्यात मी खोटा रिपोर्ट दिलेला नाही, तो इथं दिला.

आमच्या बॉयलरवर म्हाळू म्हणून होता, आता रिटायर झालाय. त्याची मुलगी गौतमी मानसशास्त्र शिकून दौंडला दवाखान्यात बसते. ती परकराची होती तेव्हापासून मला ओळखते, म्हणून भिडभाड ठेवत नाही. मी तिच्यापुढं सगळं मांडलं आणि शेवटी म्हणालो, "थोडक्यात, खोटं आहे ना हे?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं मलाच फैलावर घेतलं. "काका, तुमच्यासारखे लोक नुसतं खोटं-खोटं म्हणून मोकळे होतात. लहानपणी खरंच काही भोगलेल्या माणसांचं कित्येक वर्षं कुणी ऐकूनच घेतलं नाही. काही जण ती गोष्ट मनातून बाजूला सारतात, आणि पुढं कधीतरी ती वर येते, आणि खरी निघते. माझ्याकडं एक बाई होत्या. त्यांना चाळिशीत आठवलं आणि जुन्या केसपेपरवर ते नोंदलेलं सापडलं. त्यांना कुणी खोटं पाडलं असतं तर?"

मी खुर्चीत सावरून बसलो. ती थांबली नाही.

"आणि दुसरी बाजूही ऐका. नुसतं विचारून विचारून, कल्पना करायला लावून, न घडलेली गोष्ट माणसाला आठवायला लावता येते. प्रयोग झालेत. माणसं रडतात, थरथरतात, रंगासकट वर्णन करतात, आणि तसं काही घडलेलंच नसतं. ती खोटं बोलत नसतात काका. त्यांना दिसतं. तुमच्या त्या सरांनी 'कोण उभं आहे' असं विचारलं तेव्हाच तिथं कुणीतरी उभं राहणार हे ठरलं. आमच्यातले शास्त्रज्ञ तीस-पस्तीस वर्षं यावरून भांडतायत, अजून मिटलेलं नाही. पण एवढं मी तुम्हाला सांगू शकते, आठवण किती लख्ख आहे यावरून ती खरी का ते कळत नाही. बाहेरचा पुरावा लागतो."

हे मला एकदम पटलं. व्हॉल्व्ह बघायला जा, एवढंच तर ती म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात ती खानावळीत जेवायला आली. मी धास्तावलो होतो, पण तिनं सरूबाईंना एका शब्दानं खोडलं नाही. भाकरी मोडत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, झालं असेल, नसेलही. मला इथं बसून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही डोळे मिटून कळणार नाही. तुम्हाला त्रास होतोय तो मात्र खरा आहे. मामांना एकदा भेटा. पण तुम्ही काही सांगू नका. त्यांना काय आठवतं ते त्यांना सांगू द्या."

सरूबाईंनी तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकली. याचा अर्थ पोरगी पसंत पडली होती. दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, रविवारी गाडी काढता का? एकदाच तोंडावर विचारते. पूनमसाठी."

गौतमीनं सांगितलेला डाव तसा बरोबर होता, फक्त एक घोळ झाला होता. सविताची नणंद वढूलाच दिली आहे. त्यामुळं रखमाजीला सगळं दोन महिन्यांपूर्वीच कळलेलं होतं.

रविवारी माझ्या गाडीत सरूबाई पुढं, पूनम मागं, आणि दोघींत अवाक्षर नाही. दत्ताभाऊ यायचे होते, पण निघताना विसरले आणि पोळ्या लाटायला उभे राहिले. बरंच झालं, दीडशे माणसं उपाशी राहिली असती.

रखमाजी घरापुढच्या लिंबाखाली उभा होता. दोन महिन्यांत निम्मा झालेला. आम्ही गाडीतून उतरतोय तोवर तो पुढं आला आणि धाकट्या बहिणीपुढं त्यानं हात जोडले.

"सरू, माझं चुकलं. मीच ढकललं तुला."

पूनमनं माझा दंड धरला. म्हणजे बाईंचं खरंच होतं?

"पैल्यांदा ऐकलं तवा मी म्हणलं, मी आसं कसं करीन," रखमाजी सांगत होता. डोळे मिचकावणं थांबत नव्हतं. "पर तुजी आठवण कवा चुकत न्हाई. समद्या मुलखाला ठावं हाय. मंग मी आठवाया लागलो. रोज हिरीवर जाऊन बसायचो. आधी काय दिसंना. मंग दिसाया लागलं. तुझ्या कंबरंला भोपळा बांधला मी. ढिला बांधला, मुद्दाम. आन् पायरीवरनं ढकललं. समदं दिसतंय मला आता. मला माफ कर, पर पोरीच्या लग्नात येऊ दे. लांब हुबा ऱ्हाईन, मांडवाच्या भायेर."

सरूबाईंनी जिंकायला हवं होतं. दोन महिने त्या जे सांगत होत्या ते आरोपीनं स्वतः कबूल केलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, तोपर्यंत त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात, तो नाही म्हणेल, अशी आशा होती. आणि मग त्यांच्यातली ती दीडशे ताटांची बाई जागी झाली.

"भोपळा?" त्या म्हणाल्या. "भोपळा कुटला? निळा कॅन व्हता."

"भोपळाच व्हता सरू. वाळका. माळ्यावर टांगलेला आसायचा."

"कॅन व्हता! निळा, पांढऱ्या झाकणाचा, पस्तीस लिटरचा. मला काय सांगतूस? सुतळीनं बांधलेला."

"अगं, तवा निळं कॅन कुटं व्हतं?" रखमाजी आता अपराधीपणा विसरून भांडायला लागला. "तवा कुरकुंबला कंपनी न्हवती, निस्ता माळ व्हता. आपुन समदी पोरं भोपळ्यावं शिकलो. निळं कॅन तूच आणून दिलंस मला, तुझ्या मेसवरनं. पूनमला पवाया शिकवाया."

सरूबाईंनी वळून पूनमकडं पाहिलं. विहिरीत पोरांना पोहायला असंच शिकवतात. कमरेला काहीतरी तरंगणारं बांधायचं आणि मामानं नाहीतर बापानं मागून ढकलून द्यायचं. पोर बोंबलतं, काठावरचे हसतात, चार दिवसांत पोर मासा होतं. कुणाच्या डोक्यातही येत नाही की यात काही भयंकर आहे.

"आन् मला सांग," रखमाजी हळूच म्हणाला, "तुला कवा हिरीत उतरू दिलं आईनं? तवा पोरींना कोण शिकवत व्हतं? तू काठाला आली तरी म्हातारी ओरडायची." म्हणाला आणि स्वतःच दचकला. आपल्याच कबुलीजबाबाला आपण भोक पाडलंय हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"तुला पवायला येतं का आई?" पूनमनं विचारलं.

"न्हाई," सरूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला.

"मला येतं. मामानं शिकवलं. निळ्या कॅनवर."

तेवढ्यात घरातून सुरेखावहिनी, रखमाजीची बायको, बाहेर आली. हातात चहाचा ट्रे आणि तोंडात एकोणीस वर्षं मुरलेला राग. "आन् माझ्या बापाच्या घड्याळाचं बोला की कुनीतरी! पैल्याच दिशी कॅनाची सुतळी सुटली, पूनी गेली खाली बुडाला, आन् ह्यांनी टाकली उडी, हातातल्या घड्याळासकट! माझ्या बापानं लग्नात दिलेलं घड्याळ! काडायला काय झालं व्हतं?"

"पोर बुडत व्हती," रखमाजी पुटपुटला.

"एका हातानं काडायचं, एका हातानं घड्याळ काडायचं!"

हे भांडण त्या घरात सणासुदीला होतच असावं, कारण पूनमला हसू फुटलं. वहिनी आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून घड्याळ घेऊन आली. मी ते हातात घेतलं. काच आतून पिवळी पडलेली, काटे पावणेबारावर थांबलेले. त्या अंगणात एवढी एकच वस्तू होती जिला काही आठवावं लागत नव्हतं.

"तू कुठं होतीस मामी तेव्हा?" पूनमनं विचारलं.

"वर, दगडावर. मीच पैली वरडले."

"मी वरडलो," रखमाजी म्हणाला.

"तुमी पाण्यात व्हता!"

माझ्यातला क्वालिटी कंट्रोलवाला कपाळाला हात लावून बसला. पण सरूबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या हळूहळू बोलायला लागल्या, डोळे उघडे ठेवून, कुणी आकडे न मोजता.

"मी पायरीवर व्हते. खालच्या. फ्रॉक पूनीचा व्हता, फुलाफुलांचा, मीच आणलेला दौंडच्या बाजारातनं. कॅन एकटाच तरंगत व्हता आन् पोर न्हवती. आन् मला श्वासच येईना." त्या थांबल्या. "मंग दादा वर आला पाण्यातनं. त्यानं पूनीला दोन्ही हातांवर उचलली आन् माझ्याकडं केली. घे, म्हणला. हात माझ्याकडंच व्हते. पर ढकलाया न्हाई. पोर द्यायला."

पूनमनं जाऊन आईला मिठी मारली. दोन महिन्यांची बिस्किटं वसूल झाली.

रखमाजी मात्र जागचा हलला नाही. तो गोंधळून बहिणीकडं बघत होता. "मंग मी... मी ढकललंच न्हाई तुला?"

"न्हाई रं दादा."

"पर मला दिसतंय की. भोपळा दिसतोय. मी ढिला बांधला ते दिसतंय."

"न्हाई बांधलास. तू कायबी केलं न्हाईस."

"नक्की?"

"माझ्या पोरीची आण घेऊन सांगते. तू कायबी केलं न्हाईस," सरूबाई म्हणाल्या आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. ज्यांनी आरोप केला त्यांच्यावरच आता आरोपीला तो निर्दोष असल्याचं पटवून द्यायची पाळी आली होती, आणि तो बिचारा पुरावे मागत होता. मी विहीर बघण्याच्या निमित्तानं बाजूला गेलो. माझेही डोळे भरले होते आणि तसं दिसलेलं मला चालत नाही.

गौतमीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, मामांना तर कुणी शिबिरातही नेलं नव्हतं. आपल्या माणसाचं खरंच असणार, एवढा विश्वास पुरला." मग तिनं बजावलं की घड्याळानं एकोणीस वर्षांपूर्वीचं सिद्ध होतं, सेहेचाळीस वर्षांपूर्वी काय झालं किंवा झालं नाही ते त्यातून निघत नाही; पण ज्या चित्रातला कॅन, फ्रॉक आणि हात सगळंच नंतरचं निघालं, त्या चित्रावर भावाला फाशी देऊ नये. सरूबाई पुढं चार-पाच वेळा तिच्याकडं जाऊन आल्या. दर वेळी डबा घेऊन.

पत्रिका छापून आल्या. पहिली वढूला गेली. सरूबाईंनी माझ्याकडं रोखून बघत विचारलं, "मशीन लगीच बरं दुरुस्त झालं?" मी आमटीत बघत राहिलो. त्या दिवशी वाटीत वरच्या थराची घट्ट आमटी होती.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात पाचशे माणसं, त्यातली पन्नासएक पहिल्या शिफ्टची, गणवेशातच आलेली. दत्ताभाऊ अक्षतांचं ताट कुठंतरी ठेवून विसरले आणि नवरदेवाकडच्यांनी दुसरं आणलं. सविता नव्या साडीत मिरवत होती आणि मला सांगत होती की आळंदीला श्वासाचं फार छान शिबिर असतं. मग भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

रखमाजी आला. पांढरा फेटा, नवा सदरा, मनगटावर बहिणीनं दिलेलं नवं घड्याळ, ज्यावर सुरेखावहिनीची नजर खिळलेली. भाचीच्या दोन्ही खांद्यांवर त्यानं दोन हात ठेवले होते आणि तिला जपून, पावलापावलानं पुढं आणत होता. डोळे एवढे मिचकावत होता की त्याला पुढचं काही दिसत असेल की नाही देव जाणे.

सरूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला राहवलं नाही. "ताई, ते अजून दिसतं का?"

"दिसतं की. जाईल कसं?" त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "हिरवं पानी तेच, कॅन तोच. मीबी अजून खालीच आसते, पाण्यात. मला ठावं हाय मी तिथं न्हवते, तरी आसते." सनईचा सूर चढला तसा त्यांचा श्वास एकदा अडकला, मी वळून पाहिलं, त्यांनी हातानंच काही नाही अशी खूण केली. "ह्यो कोंडला त्यो पूनी चालली म्हणून. त्याला कुनाला बोल लावायचा न्हाई."

समोर रखमाजीनं भाचीला पाटावर उभं केलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. हात अजून तिच्या खांद्यांवरच होते. सरूबाई त्या हातांकडं बघत होत्या.

"हात तेच हायेत भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच उलट्या बाजूनं बघत व्हते."